क्रोएट राज्य कसं उभं राहिलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रोएटांचं राज्य नेमकं कोणत्या साली स्थापन झालं?

क्रोएशियातल्या कुठल्याही शाळकरी मुलाला विचारलंत तर ९२५ असं उत्तर येईल. त्या साली पोप जॉन दहावा याने तोमिस्लाव्ह नावाच्या शासकाला पत्र पाठवलं आणि त्यात त्याला ‘क्रोएटांचा राजा’ म्हटलं. हातात पुरावा आहे तो एवढाच. मुकुट कोणी घातला, कुठे घातला, घातला की नाही, यावर ते पत्र काहीच बोलत नाही. पोपने राजा म्हटलं म्हणजे तोमिस्लाव्ह त्याआधीच राजा म्हणवून घेत असणार, असा तर्क करता येतो आणि तो वाजवीही आहे. पण मग ९२५ हे स्थापनेचं साल उरत नाही. राजा म्हणून त्याची पहिली लेखी नोंद कधीची, एवढंच ते साल सांगतं.

दुव्नोच्या मैदानावर राज्याभिषेक झाला होता ना? चित्रं आहेत त्याची.

चित्रं आहेत, समकालीन पुरावा नाही. ‘दुक्ल्याच्या पाद्र्याची बखर’ म्हणून ओळखला जाणारा एक बराच उशिराचा ग्रंथ आहे. त्यात दाल्माच्या मैदानावर भरलेल्या सभेचं आणि राज्याभिषेकाचं वर्णन येतं, पण तिथल्या राजाचं नाव स्वेतोपेलेग आहे. १९व्या शतकातल्या इतिहासकारांनी तो राजा म्हणजे तोमिस्लाव्हच असं ठरवलं, चित्रकारांनी ते रंगवलं, आणि १९२५ मध्ये राज्याची सहस्राब्दी धूमधडाक्यात साजरी झाली. १९२८ साली दुव्नो गावाचं नावही तोमिस्लाव्हग्राद झालं. हे गाव आज क्रोएशियात नसून बोस्निया-हर्झेगोव्हिनात आहे, हे नकाशा उघडल्यावर अनेकांच्या लक्षात येतं.

क्रोएट मुळात आले कुठून?

नेहमी सांगितली जाते ती कथा पाच भाऊ आणि दोन बहिणींची: क्लुकास, लोबेलोस, कोसेंत्सिस, मुख्लो, ख्रोबातोस, तुगा आणि बुगा. ‘पांढऱ्या क्रोएशिया’तून निघून ते दाल्मातियात, म्हणजे एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर आले, तिथे सत्ता असलेल्या आवार या भटक्या लोकांना हरवून स्थायिक झाले. ही कथा बायझंटाइन सम्राट कॉन्स्टंटाइन सातवा याच्या नावावर असलेल्या, ९५०च्या आसपासच्या राज्यकारभाराच्या ग्रंथात आहे. घटना सातव्या शतकातली आणि लेखन दहाव्या शतकातलं, म्हणजे मध्ये ३०० वर्षं गेली. त्यातही ग्रंथाच्या ३०व्या प्रकरणात भावंडांची गोष्ट आहे, तर ३१व्या प्रकरणात हेराक्लिअस सम्राटाने क्रोएटांना बोलावून वसवलं असं म्हटलंय. एकाच पोथीत लागोपाठच्या दोन प्रकरणांत दोन हकिकती! दोन्ही एकत्र कालवून तिसरी तयार करू नका. लोकप्रिय पुस्तकांत सर्रास आढळणारी चूक ती हीच.

‘हर्वात’ या, क्रोएट स्वतःला म्हणवतात त्या नावाची व्युत्पत्ती इराणी भाषांकडे नेणारं मत बरंच मानलं जातं. डॉन नदीच्या मुखाजवळच्या तानाईस इथल्या ग्रीक शिलालेखांत ‘खोरोआथोस’ असं व्यक्तिनाम सापडतं, त्याचा त्याला आधार दिला जातो. नाव इराणी असेल, पण म्हणून ते वागवणारे सगळे लोक इराणी होते असं ठरत नाही.

त्या वेळचा क्रोएशिया आजच्या नकाशावर कुठे येतो?

आजची राजधानी झाग्रेब विसरा. मूळ गाभा होता दाल्मातियाचा अंतर्भाग: निन, क्निन, ब्रिबिर, क्लिस, सोलिन, लिव्नो. बहुतेक मुलूख चुनखडीच्या उघड्या डोंगरांचा. शेती होते ती डोंगरांमधल्या सपाट खोलगट भागांत, ज्यांना तिथे ‘पोल्ये’ म्हणतात. किनाऱ्यावरची स्प्लिट, त्रोगिर, झादार ही शहरं आणि क्र्क, राब, ओसोर ही बेटांवरची शहरं बायझंटाइन सम्राटाची होती, तिथले लोक लॅटिन वळणाची बोली बोलत. नेरेत्वा नदीच्या मुखाशी समुद्री चाचेगिरी करणारी वेगळीच सत्ता होती. डोंगरात झुपान (परगण्यांचे प्रमुख) आणि किनाऱ्यावर सम्राटाची शहरं, ही रचना डोक्यात ठेवली की पुढचं बरंचसं राजकारण आपोआप उलगडतं.

फ्रँक लोकांचा इथे काय संबंध?

त्यांच्याशिवाय हे राज्य उभंच राहिलं नसतं. ७९०च्या दशकात फ्रँकांचा राजा शार्लमेन याने आवार सत्ता मोडली. मग ८१२ च्या आखनच्या तहात त्याने आणि बायझंटाइनांनी वाटणी केली: किनारी शहरं कॉन्स्टँटिनोपलकडे, अंतर्भाग फ्रँकांकडे. या अंतर्भागात फ्रँकांना आपलं काम करणारा स्थानिक माणूस हवा होता, तो म्हणजे बोर्ना.

फ्रँकांच्या राजेशाही वार्षिक नोंदींत बोर्नाची बिरुदं बघा. ८१८ मध्ये तो गुदुस्कानी नावाच्या एका टोळीचा डुक्स, म्हणजे सरदार. ८१९ मध्ये ‘दाल्मातियाचा डुक्स’. ८२१ मध्ये तो वारला तेव्हाच्या नोंदीत ‘दाल्मातिया आणि लिबुर्नियाचा डुक्स’. तीन वर्षांत टोळीप्रमुखाचा प्रांताधिपती झाला, तेही ८१९ मध्ये कुपा नदीकाठी लुदेवित या बंडखोर सरदाराविरुद्धच्या लढाईत त्याचे स्वतःचे गुदुस्कानी त्याला सोडून पळाले असताना. शरीररक्षकांनी वाचवलं म्हणून निभावलं. तेव्हा हे बळ टोळीचं नव्हतं. फ्रँकांची मर्जी आणि पदरी ठेवलेली शिबंदी यांवर तो उभा होता. आणि या नोंदींत ‘क्रोएट’ हा शब्द एकदाही येत नाही.

मग क्रोएट हे नाव पहिल्यांदा कुठे येतं?

इथे दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. सर्वांत जुना उल्लेख त्रपिमिर या नवव्या शतकातल्या शासकाच्या दानपत्रात आहे, त्यात तो स्वतःला ‘क्रोएटांचा डुक्स’ म्हणवतो. पण मूळ दानपत्र उरलेलं नाही, आपल्याकडे आहे ती १५६८ मधली नक्कल. मूळ स्वरूपात टिकलेला, म्हणजे त्या काळच्या हाताने कोरलेला उल्लेख हवा असेल, तर बेन्कोवात्सजवळच्या शोपोत इथे सापडलेला, ब्रानिमिर या नंतरच्या शासकाचा शिलालेख घ्या.

दानपत्राचा मजकूर मात्र मोठा बोलका आहे. त्रपिमिरने मठ बांधला, पण पूजेची भांडी घडवायला चांदी पुरेना. स्प्लिटचा आर्चबिशप पीटर याने ११ पौंड चांदी दिली. रोमन पौंड धरला तर ही साडेतीन किलोच्या आसपास भरते. बदल्यात पुतालय इथल्या चर्चवरचा त्याचा हक्क मान्य झाला. म्हणजे देशाच्या मालकाला साडेतीन किलो चांदीसाठी शहरातल्या बिशपकडे हात पसरावा लागतोय. जमीन मुबलक, रोकड नाही, अशी त्या दरबाराची परिस्थिती होती.

या दानपत्राचं साल ८५२ कसं काढतात? त्यात तर इसवी सन लिहिलेलंच नाही.

बरोबर, नाहीच. त्यात आहे फ्रँकांच्या लोथार राजाचं नाव, मार्चच्या ‘नोने’आधीचा चौथा दिवस (रोमन पद्धतीने ४ मार्च) आणि ‘इंडिक्शन १५’. इंडिक्शन हे रोमन करआकारणीतून आलेलं १५ वर्षांचं चक्र. आपल्या साठ संवत्सरांसारखं समजा, फक्त नावांऐवजी आकडे. ते असं पडताळतात:

१. इसवी सनात ३ मिळवा.
२. १५ ने भागा.
३. बाकी उरेल ते इंडिक्शन. बाकी शून्य आली तर इंडिक्शन १५.

८५२ + ३ = ८५५, आणि ८५५ ला १५ ने पूर्ण भाग जातो, म्हणून इंडिक्शन १५. पण ८३७ लाही तेच उत्तर येतं (८४० ÷ १५ = ५६). चक्र असल्यामुळे दर १५ वर्षांनी एक उमेदवार उभा राहतो, मग बाकीच्या पुराव्याने एकेक गाळावा लागतो. दानपत्रात मिस्लाव्ह हा आधीचा शासक म्हणून येतो, आणि व्हेनिसच्या डोजने (तिथल्या प्रमुखाने) मिस्लाव्हशी तह केला तो ८३९ मध्ये, म्हणून ८३७ बाद. लोथार ८५५ मध्ये वारला, त्यामुळे पुढचं ८६७ ही बाद. राहिलं ८५२. सगळ्यांना हे पटत नाही. काही अभ्यासकांच्या मते नक्कल करणाऱ्याने आकडा चुकवला आणि मूळ दानपत्र ८४०च्या दशकातलं आहे. रोमन आकड्यांत एक उभी रेघ गळाली किंवा व्ही या अक्षराच्या दोन रेघा वाचल्या गेल्या की सगळं गणित सरकतं, त्यामुळे ही शंका हवेतली नाही.

ताडून बघायला सोपं उदाहरण हवं असेल तर मुच इथला ब्रानिमिरचा शिलालेख घ्या. त्यात इसवी सन ८८८ आणि इंडिक्शन ६ दोन्ही आहेत. ८८८ + ३ = ८९१, भागाकार ५९, बाकी ६. चोख. दगडावर नक्कलकाराचा हात फिरलेला नसतो, त्याचा हा फायदा.

ब्रानिमिरला पोपने मान्यता दिली म्हणजे काय केलं?

८७८ मध्ये झ्देस्लाव्ह कॉन्स्टँटिनोपलच्या मदतीने सत्तेवर बसला, पुढच्याच वर्षी ब्रानिमिरने त्याला मारून गादी घेतली. खून करून आलेल्या माणसाला वैधता हवीच होती. पोप जॉन आठवा याला किनाऱ्यापलीकडचं चर्च कॉन्स्टँटिनोपलकडे जाऊ द्यायचं नव्हतं. ७ जून ८७९ च्या पत्रात पोप कळवतो की स्वर्गारोहणाच्या सणाला, म्हणजे २१ मे रोजी, सेंट पीटरच्या वेदीवर हात उंचावून त्याने ब्रानिमिर, त्याची प्रजा आणि त्याचा मुलूख यांना आशीर्वाद दिला. क्रोएशियात याला ‘पहिली आंतरराष्ट्रीय मान्यता’ म्हणायची पद्धत आहे. शब्द आजचा आहे आणि जरा फुगवलेला आहे. व्यवहार मात्र खरा होता. ब्रानिमिरचं नाव किमान पाच शिलालेखांवर सापडतं, आणि हे लेख बहुतेक चर्चमधल्या वेदीपुढच्या दगडी जाळीच्या तुळईवर किंवा तिच्या त्रिकोणी माथ्यावर कोरलेले आहेत. प्रार्थनेला येणाऱ्याच्या नजरेसमोर दर वेळी शासकाचं नाव.

राज्य चालवायला पैसा कुठून यायचा?

मोठा वाटा किनारी शहरांकडून. बायझंटाइन सम्राट बेसिल पहिला (८६७–८८६) याने ठरवून दिलं की ही शहरं पूर्वी सम्राटाच्या सुभेदाराला जी रक्कम देत ती आता स्लाव्हांना द्यावी, म्हणजे ते शहरांच्या भिंतीबाहेरच्या शेतमळ्यांना हात लावणार नाहीत. सुभेदाराला नावापुरतं काही द्यावं. दर वर्षाचा हिशेब असा: स्प्लिट २०० सोन्याची नाणी, झादार ११०, आणि त्रोगिर, ओसोर, राब व क्र्क प्रत्येकी १००. बेरीज ७१०. शिवाय द्राक्षारस आणि इतर जिन्नस वेगळे.

एक नाणं साडेचार ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे वर्षाला सव्वातीन किलोच्या जवळपास सोनं. सराफाच्या १० ग्रॅमच्या तोळ्यात ३२० तोळ्यांच्या आसपास. मोठ्या साम्राज्याला ही चिल्लर असेल, पण ११ पौंड चांदीसाठी अडणाऱ्या दरबाराला ही दर वर्षी ठरल्या वेळी येणारी रोकड होती. आपल्या वाचकाला चौथाई आठवेल. तर्क तोच आहे: शेत लुटायचं नाही, त्याचे पैसे.

‘६०,००० घोडदळ आणि १,००,००० पायदळ’ हा आकडा खरा मानायचा का?

नाही. आकडा कॉन्स्टंटाइनच्या त्याच ग्रंथातला आहे. एका घोड्याला दिवसाला वैरण आणि दाणा मिळून ८ किलो धरा. ६०,००० घोड्यांना रोज ४८० टन. चुनखडीच्या डोंगरात एवढी वैरण पिकत नाही, आणि वाहून आणायला बैल लावले तर बैलही खातात.

आरमाराचा आकडा मात्र पटण्यासारखा आहे. ८० मोठी गलबतं (सागेना), प्रत्येकी ४० माणसं, म्हणजे ३,२००. आणि १०० छोटी (कोंदुरा), मोठ्या कोंदुरेवर २० आणि लहानीवर १०, म्हणजे १,००० ते २,०००. एकूण फार तर ५,२०० खलाशी-शिपाई. हा ग्रंथ पुढे हेही सांगतो की मिरोस्लाव्ह राजाने चार वर्षं राज्य केल्यावर प्रिबिना नावाच्या बानने (राजाखालच्या मोठ्या अधिकाऱ्याने) त्याला मारलं, आणि त्या भांडणांत घोडदळ, पायदळ, आरमार सगळंच घटलं.

बल्गेरियाच्या सिमेऑनने पाठवलेली अलोगोबोतुरची फौज क्रोएटांनी कापून काढल्याचंही हाच ग्रंथ सांगतो. ही लढाई ९२६–२७ च्या सुमाराची मानतात. तोमिस्लाव्हचा पराक्रम म्हणून ती सांगितली जाते. काळ जुळतो खरा, पण ग्रंथात तोमिस्लाव्हचं नाव कुठेही नाही.

बान आणि झुपान म्हणजे कोण?

झुपा म्हणजे एखाद्या गढीभोवतीचा परगणा, झुपान त्याचा प्रमुख. झुपानला देशमुख म्हणावंसं वाटतं, ते अर्धंच बरोबर. वसुली आणि स्थानिक वजन या बाबतीत साम्य आहे, पण हे लोक दरबारात हजर राहून राजाच्या दानपत्रांवर साक्षी होत, तो भाग जास्त महत्त्वाचा. कॉन्स्टंटाइन ११ झुपा मोजतो. शिवाय क्र्बावा, लिका आणि गात्स्का हे तीन भाग एकट्या बानकडे. इतका मुलूख एकाच हातात असल्यावर प्रिबिनासारखा बान राजाला मारू शकतो, यात नवल नाही.

निनच्या बिशप ग्रेगरीने स्लाव्ह भाषेतल्या उपासनेसाठी लढा दिला, हे खरं का?

स्प्लिटमध्ये त्याचा मेश्त्रोविचने घडवलेला १९२९ चा भव्य पुतळा आहे, नवस बोलणाऱ्यांनी पायाचा अंगठा घासून चकचकीत केलाय, आणि गाइड हीच गोष्ट सांगतात. ९२५ आणि ९२८ च्या स्प्लिट धर्मसभांच्या कागदांतून दिसतो तो वाद अधिकाराचा आहे. दाल्मातियातलं मुख्य पीठ कोणाचं, स्प्लिटचं की क्रोएटांच्या निनचं? स्प्लिट जिंकलं. ९२८ मध्ये निनचं पीठच रद्द झालं आणि ग्रेगरीला स्क्रादिन देऊ केलं. स्लाव्ह उपासनेवर बंधन घालणारा ठराव ९२५ मध्ये झाला, हेही खरं; पण ग्रेगरी त्याविरुद्ध उभा राहिला असं त्या कागदांत नाही. हे कागद आपल्यापर्यंत १६व्या शतकातल्या हस्तलिखितांतून आले आहेत, आणि तोमिस्लाव्हला राजा म्हणणारं पत्रही त्यांतच आहे. एक मान्य करून दुसऱ्यावर अविश्वास दाखवता येत नाही.

तोमिस्लाव्हनंतर सगळेच राजे झाले का?

१३व्या शतकातला स्प्लिटचा आर्चडीकन थॉमस लिहितो की स्तेपान द्रझिस्लाव्हपासून (९६९–९९७) पुढचे शासक दाल्मातिया आणि क्रोएशियाचे राजे म्हणवले जाऊ लागले, कारण त्याला बायझंटाइन सम्राटांकडून राजचिन्हं मिळाली. हे वाचलं की ९२५ चं काय, असा प्रश्न पडतोच. त्याला दगडाचं उत्तर आहे. १८९८ मध्ये फ्राने बुलिच यांना सोलिनमध्ये येलेना राणीचा समाधिलेख तुकड्यांत सापडला. ती ८ ऑक्टोबर ९७६ रोजी वारली. लेखात ती मिखाइल राजाची पत्नी आणि स्तेपान राजाची आई, अनाथांची माता, विधवांची रक्षक. म्हणजे द्रझिस्लाव्हच्या बापालाही राजाच म्हणत होते. थॉमस २५०हून अधिक वर्षांनी लिहितोय, हा लेख मृत्यूच्या वेळचा. कोणाचं ऐकायचं ते उघड आहे.

पुढचं थोडक्यात. पेतार क्रेशिमिर चौथा (१०५८–७४) १०६९ च्या दानपत्रात ‘आमच्या दाल्मातियन समुद्रा’तलं माउन बेट झादारच्या मठाला देतो. शंभर वर्षांपूर्वी समुद्र सम्राटाचा होता. झ्वोनिमिरला पोपच्या वकिलाने सोलिनमध्ये ८ ऑक्टोबरला मुकुट घातला. साल जुन्या पुस्तकांत १०७६, नव्यांत बहुधा १०७५. मोबदल्यात त्याने पोपला वर्षाला २०० सोन्याची नाणी कबूल केली, म्हणजे एकेकाळी एकटं स्प्लिट देई तेवढी. १०८९ मध्ये तो वारला, वारस टिकला नाही, आणि ११०२ मध्ये हंगेरीच्या कोलोमनने बिओग्रादमध्ये मुकुट घातला.

ही नावं मराठीत कशी उच्चारायची?

मराठी माणसाला हे सोपं जातं. क्रोएट लिपीतलं साधं ‘सी’ म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च, आणि डोक्यावर टोपी असलेलं ‘सी’ म्हणजे ‘चंद्र’मधला च. हिंदी बोलणाऱ्याला हा फरक शिकावा लागतो, आपल्याला नाही. ‘जे’ म्हणजे य, म्हणून येलेना. टोपीवाला ‘झेड’ मराठीत नाही. ‘झुपान’ म्हणताना झ हवेतून घासून सोडा. त्रपिमिर, द्रझिस्लाव्ह यांत र हाच स्वर आहे, ‘कृष्ण’ म्हणताना जमतं तसंच. त आणि द दंत्य, त्यामुळे तिथे ‘स्प्लित’ म्हणतात. मराठीत रुळलंय म्हणून इथे स्प्लिट ठेवलंय.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?

स्प्लिटमध्ये मुक्काम करा. क्रोएट पुरातत्त्व स्मारकांचं संग्रहालय तिथेच आहे, विणलेल्या दोरीसारखी तीनपदरी नक्षी कोरलेले दगड तिथे एकत्र बघायला मिळतात. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या वाड्यातल्या ज्युपिटर मंदिराचं पुढे बाप्तिस्मागृह झालं. त्यातल्या कुंडाच्या एका फळीवर सिंहासनावरचा मुकुटधारी राजा आणि पायाशी लोटांगण घातलेला माणूस कोरलाय. सोलिन पाच-सहा किलोमीटरवर. पर्यटक तिथले रोमन अवशेष बघून परत फिरतात आणि चुकतात. येलेनाचा लेख सापडला ते नदीतलं बेट आणि झ्वोनिमिरच्या राज्याभिषेकाचं चर्च (आज नुसती जोती) ही वेगळ्या बाजूला, यादरो नदीकाठी आहेत.

बाश्काची शिला बघायला क्र्क बेटावर जाणाऱ्यांनी आधी हे वाचावं: १३ ओळींचा, ग्लागोलिती या जुन्या स्लाव्ह लिपीतला, ‘झ्वोनिमिर, क्रोएटांचा राजा’ हे शब्द लोकभाषेत असलेला आणि ११००च्या सुमारास कोरलेला तो जवळपास ८०० किलोचा दगड १९३४ पासून झाग्रेबच्या अकादमीत आहे. युरांद्व्होरच्या सेंट लुसी चर्चमध्ये दिसते ती प्रतिकृती.